डोळ्यांच्या साथीतला गुप्तरोग विभाग

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही, ते साचतात. मी नगरच्या एका सरकारी दवाखान्यात गुप्तरोग विभागाचा कारकून. दिवसा रजिस्टर लिहायचं, घरी डायरी. डायरीत पेशंटचं नाव कधी घातलं नाही. पण एकाहत्तर साली डोळ्यांची साथ आली आणि दिवसाला एक पान पुरेना!

*

डोळे आलेल्यांची रांग थेट आमच्या दारावरून जायची. एवढ्या लोकांदेखत आमच्याकडे वळणार कोण? आठवडाभर विभाग ओस. केडगावचा एकजण तर लाजेनं त्या रांगेतच उभा राही आणि डोळ्यांत थेंब घालून घेऊन घरी जाई. चौथ्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर वैतागले, "अहो, डोळे ठणठणीत आहेत तुमचे!"

"व्हय सायेब," तो हळूच म्हणाला, "दुखनं खाली हाय!"

*

मग बाजारात काळे चष्मे आले आणि आमच्याकडे ही गर्दी! खर्ड्याचे दोघं अर्धा तास बाकावर शेजारी बसून एकमेकांना तंबाखू देत होते. चकार शब्द नाही. घाम पुसायला दोघांनी चष्मे काढले. सासरा आणि जावई!

"मी डोळ्यांसाठी आलोय," सासरा म्हणाला.

"मी बी, मामा!"

दोघं उठून डोळ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. सोमवारी जावई एकटा आला, मंगळवारी सासरा.

*

रक्त तपासणारे शेखभाई. त्यांचेच डोळे सुजून मिटले. नळ्या साचल्या, पण ते दुसऱ्या कुणाला मायक्रोस्कोपला डोळा लावू देईनात. "माझी साथ सगळ्या दवाखान्याला लावू का?"

मिरजगावचा एक ट्रक ड्रायव्हर रोज यायचा. त्याच्या रक्तात गरमीचा दोष निघाला होता. बायकोला सहावा महिना, आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. डोळे तपासायचे सांगून, तिलाही काळा चष्मा घालूनच त्यानं रक्त द्यायला आणलं होतं. डॉक्टर रागावले, "तिला खरं सांगा." तो म्हणे, "सांगतो सायेब." सांगितलं नाही.

"शेखभाई, रिपोर्ट?"

"उघडू दे की बाबा डोळा!"

तो त्यांच्यासाठी गुलाबपाणी आणू लागला! आठव्या दिवशी डावा डोळा किलकिला झाला. शेखभाईंनी पहिली तिचीच नळी घेतली. दोष होता. लगेच पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली.

*

तिच्या शेवटच्या इंजेक्शनापर्यंत साथ सरली. नगरात काळा चष्मा दिसेना. ती मात्र घालूनच आली. डॉक्टरांनी बाळाचे ठोके ऐकले, "छान आहेत" म्हणाले.

सिस्टर हसल्या, "अगं, काढ आता तो चष्मा. डोळे कधीच बरे झाले तुझे!"

"माझे डोळे आल्ते कवा, सिष्टर?" तिनं दाराकडे पाहिलं. नवरा बाहेर पाठमोरा उभा होता. "सुया कशाच्या हायेत ते पयल्याच दिशी कळलं मला. पर चष्मा ऱ्हाऊ द्या. मी बघती ते त्येंला दिसत न्हाई, म्हनून तर ते माज्याकडं तोंड करून बोलत्यात!"