डाग न ठेवणारं औषध

केदारखेड्यात कुणाच्या अंगावर कढत तेल उडालं, कुणाचा पाय निखाऱ्यावर पडला, की घरचं माणूस आधी धावायचं ते साखराबाईच्या झोपडीकडं. एरवी तिकडं कुणी फिरकत नसे. धनगराची विधवा बाई, चार मेंढ्या, पुढं-मागं कुणी नाही. लग्नकार्यात तिला कुणी बोलावत नव्हतं. सकाळी आडवी आली तर लोक वाट बदलत. पण पोर भाजलं की हीच बाई देव! गावाला लाज अशी कधी नव्हतीच.

औषध तिला सासूनं, झुंबरबाईनं शिकवलं होतं. चुना पाण्यात भिजत घालायचा, वरची निवळ काढून घ्यायची आणि त्यात जवसाचं तेल घालून लोण्यासारखं होईस्तोवर फेटायचं. भाजल्या जागेवर आधी गार पाणी, मग कोरफडीचा गर, मग हे फेटलेलं तेल, आणि वर केळीचं कोवळं पान बांधायचं. औषधाबरोबर सासूनं एक नेमही दिला होता. कसं भाजलं हे कधी विचारायचं नाही. विचारलं की हाताचा गुण जातो. जालन्याचा दवाखाना बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर, तेव्हा गावाचा भार साखराबाईच्या हातावर होता, आणि तिचा जो काही मान होता तो त्या नेमावर.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. रखमाजी पाटलाच्या घरून बोलावणं आलं. त्यांची नवी सून उमा, वडीगोद्रीची, मनगटापासून कोपरापर्यंत भाजली होती. साखराबाईनं तोंड उघडायच्या आत सासू सोनूबाई दारातून बोलली, "दूध उतू गेलं. धांदरट हाये कारटी."

साखराबाईनं मुकाट्यानं पान बांधलं. रोज जाऊन बदललं. हात असा भरून आला की कुठं भाजलं होतं ते शोधून सापडू नये.

वर्षभरानं पोटरी भाजली. "दूध उतू गेलं," सोनूबाईनं पुन्हा तेच सांगितलं. पोटरीवर बोटभर रुंदीचा सरळ पट्टा उठला होता. दूध असं आखून सांडत नाही. तापलेलं उलथनं मात्र असाच वळ उठवतं. साखराबाईला ते पाहताक्षणी कळलं. तरी तिनं विचारलं नाही. नेम मोडला तर ह्या गावात आपल्याला कुत्रं विचारणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीतीच ती, दुसरं काय?

कुणकुण बाहेर गेलीच. उमाचा बाप श्रीपती वडीगोद्रीहून आला. लेकीला ओसरीवर बसवून त्यानं तिचा हात पाहिला, पाय पाहिला. कातडी साफ होती. उमा खाली मान घालून "सुखात हाये, आबा" एवढंच म्हणाली, कारण सासू मागंच उभी होती. बापाचं समाधान झालं. बापांचं समाधान लवकर होतं. जाताना तो मुद्दाम साखराबाईच्या दारी आला, शेरभर गूळ पुढं ठेवून म्हणाला, "तुमच्या हाताला गुण हाये, बाई. लोक काय बी बोलून राह्यले व्हते. पोरीच्या अंगावर बिलकुल डाग न्हाई."

तो गूळ मुंग्यांनी खाल्ला. आपण पोरीला बरं करत नाही, सोनूबाईचं पाप झाकतो आहोत, हे साखराबाईला त्या दिवशी लख्ख कळलं आणि स्वतःच्या हातांची किळस आली.

तिसऱ्या खेपेला उमाची पाठ भाजली होती.

"दूध..." सोनूबाईनं सुरुवात केली.

"उमा, माह्याकडं पाह्य," साखराबाई म्हणाली. "पाठीवर दूध कसं उतू जातं, माय?"

उमानं दारात उभ्या सासूकडं पाहिलं. ती म्हणाली, "न्हाणीत पाय घसरला, मावशी. कढत पाण्याचं घंगाळ कलंडलं."

"विचारलंस! साखरे, तू विचारलंस!" सोनूबाईनं गल्लीला ऐकू जाईल असा आवाज लावला. "आता तुह्या हातात काय राह्यलं गं? ऊठ, नीघ माह्या घरातून!"

दिवस मावळायच्या आत गावभर झालं. पाटलाच्या सुनेची पाठ कशानं भाजली, ह्यावर कुणी अक्षर काढलं नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणून विषय मिटला. चर्चा झाली ती साखराबाईनं नेम मोडला ह्याची. शेजारच्या जयवंताबाईच्या नवऱ्याचा जळका पाय ह्याच बाईनं बरा केला होता. पण तिचं पोर चुलीत हात घालून बसलं, तेव्हा जयवंताबाई त्याला उचलून साखराबाईच्या दारावरून पुढं निघून गेली. गरज सरो, वैद्य मरो.

पाठ कशीबशी सुकते न सुकते तोच उमाचा उजवा हात जळाला. कानावर येताच साखराबाई तेल फेटून वाटी घेऊन पाटलाच्या दारी गेली. "गुण गेल्या हाताचं औषध नगं आमाला," सोनूबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं. आत त्यांनी जखमेवर शेण आणि राख थापली. हात चिघळला, सडल्याचा वास ओसरीपर्यंत आला. जखम भरली तेव्हा कोपर आखडून गेलं होतं आणि बोटं मिटत नव्हती. अशी सून ना दळायच्या कामाची, ना पाण्याच्या. सोनूबाईनंच वडीगोद्रीला सांगावा धाडला, तुमची पोर घेऊन जा.

श्रीपती गाडी घेऊन आला. लेकीला गाडीत बसवताना ह्या वेळी त्याला सगळं दिसलं. वेशीजवळ साखराबाई मेंढ्या घेऊन उभी होती. त्यानं गाडी थांबवली. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही.

"कुठं गेल्त्या तुम्ही? तुम्ही असत्या तर हिचा हात असा झाला नसता. एक डाग राह्यला नसता!"

"न्हाई राह्यला असता, दादा," साखराबाई म्हणाली. "मंग तुम्ही तिला न्यायला बी आले नसते."

श्रीपतीनं मान फिरवली. उमानं चांगल्या हातानं पदर तोंडावर ओढून घेतला. साखराबाईकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आबा," ती म्हणाली, "गाडी हाका जल्दी."