अर्धापुरी कडक भाकर

जगदेवी उदगीरच्या पलीकडच्या, अर्ध्या कानडी गावातून लग्न होऊन अर्धापुरात आली, तेव्हा तिच्याबरोबर चार भांडी आली आणि एक खोड आली. ती भाकर पातळ थापायची, तव्यावर फडक्यानं दाबून भाजायची आणि चुलीच्या कडेला उभी करून पार कडक होऊ द्यायची. महिनाभर टिकते, म्हणाली. सासूबाई सगुणाबाईंनी पहिली भाकर हातात घेऊन मोडली. तो आवाज ओसरीवर बसलेल्या माणसांपर्यंत गेला.

"आमच्या घरात भाकर फुगती," त्या म्हणाल्या. "शिळी खायची पाळी अजून न्हाई आली आमच्यावर."

नवरा शिवशंकर न्यायी माणूस. त्यानं दोन्ही बाजू नीट ऐकून घेतल्या आणि आईच्या बाजूनं निकाल दिला. जगदेवी मऊ, टम्म फुगलेली भाकर करायला शिकली. इतकी चांगली शिकली की सगुणाबाई पाहुण्यांना सांगू लागल्या, सून आमच्या हाताखाली तयार झाली. पुढं लेकरं पोळीशिवाय जेवेनाशी झाली आणि भाकर मोठ्या माणसांपुरती उरली.

मग गावातल्या बचत गटाला नांदेडच्या प्रदर्शनात गाळा मिळाला. वडीलधाऱ्या म्हणून सगुणाबाई पुढं बसल्या. पहाटे केलेल्या मऊ भाकरी दुपारपर्यंत चामड्यासारख्या झाल्या. शहरातली माणसं त्या बोटानं दाबून बघायची आणि शेजारच्या गाळ्यावर जायची. संध्याकाळी टोपली तशीच भरलेली घरी परत आली. जगदेवीनं कुणाला न विचारता पीठ काढलं आणि चूल पेटवली. इतक्या वर्षांत हात विसरले असतील असं तिला वाटलं होतं. ते विसरले नव्हते. दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधीच टोपली रिकामी झाली.

एका बाईनं विचारलं, ही भाकर मूळची कुठली? जगदेवी तोंड उघडणार तोच सगुणाबाई बोलल्या. त्यांचे आजेसासरे बैलगाडीनं हिमायतनगरच्या बाजाराला जायचे, वाटेत शिदोरी विटू नये म्हणून घरच्या बायांनी ही भाकर शोधून काढली. जगदेवीनं सासूकडं निरखून पाहिलं. चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता. सांगता सांगता त्यांना ते पटत चाललं होतं. पुढच्या प्रदर्शनापर्यंत तर रझाकाराच्या धामधुमीत सगळं घराणं याच भाकरीवर उसात लपून जगलं होतं.

शिवशंकरनं पाकिटं छापून आणली: 'सगुणाबाईंची अस्सल अर्धापुरी कडक भाकर'. जगदेवीला राग आला, पण थापण्यातून रागाला सवड मिळेना. शिवाय खरी गोष्ट अशी होती की तिला स्वतःला आता मऊच भाकर आवडायला लागली होती, आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

पंचमीला ती माहेरी गेली. भावजयीनं पोळ्या केल्या होत्या. कडक भाकर करत बसायला कुणाला वेळ आहे, ती म्हणाली, उदगीरच्या दुकानात आयती मिळते. आणि तिनं फळीवरून पाकीट काढलं.

"तुमच्या सासूबाईची हाय की," ती कौतुकानं म्हणाली. "तुम्हालाबी शिकवली का त्यांनी?"

"हाव," जगदेवी म्हणाली. "शिकवली."

तिची आई शरणम्मा, जिला ती अव्वा म्हणायची, भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांनी आता कमी दिसायचं. तिनं भाकर हातात घेतली आणि कडेवरून हळूहळू अंगठा फिरवला.

"विहीणबाईचा हात चांगला हाय," ती म्हणाली. "कड तेवढी जाड राहती. तुझीबी तशीच राहायची."

आणि तुकडा मोडून शेंगदाण्याच्या चटणीला लावला. जगदेवीनं मान खाली घातली, कारण तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळेही भरून आले होते.

अर्धापूरला परतल्यावर तिनं कड पातळ थापायला सुरुवात केली. सगुणाबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. सूनबाईचा हात आता कुठं बसायला लागलाय, असं त्या गिऱ्हाइकांना सांगू लागल्या.