निरोगी मुलांची शाळा

मोठ्या बाईंना मी मैत्रीण म्हणते, याचं त्यांनाच हसू यायचं. त्या निवृत्तीला टेकलेल्या. मी साहित्यातली पदवी घेऊन हंगामी शिक्षिका म्हणून लागलेली. "कविता ठेवा पिशवीत," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आधी पोरांची नाकं पुसायला शिका." मी शिकले. डबा आम्ही एकत्र खायचो. त्या माझ्या डब्यातलं अर्धं संपवायच्या आणि मग मीठ कमी आहे म्हणायच्या.

शाळा सरकारी, चौथीपर्यंतची. बाई मुख्याध्यापिका, शिवाय तिसरीचा वर्ग त्यांच्याकडेच. नवरा बस आगारात मेकॅनिक. "माझ्या हाताला खडू, त्यांच्या हाताला ग्रीस," त्या म्हणायच्या. "आमच्या घरी पाहुणे चहाचा कप आधी पुसून घेतात."

दरवर्षी शाळा उघडायच्या आठवड्यात बाई बांधकामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांमध्ये जायच्या. दारोदार. शेजारची शाळा या मुलांना जागा नाही सांगायची. बाई हाताला धरून घेऊन यायच्या. हळूहळू निम्म्याहून जास्त मुलं तिथलीच झाली. घरची भाषा वेगळी, पुस्तकातली वेगळी. वर्षभर घासून एखादं मूल वाचायला लागावं, तर इमारत पूर्ण व्हायची आणि आईबाप पुढच्या गावी. त्या बाकावर नवं कोरं मूल. पगारदार घरांनी आपली मुलं एकेक करून काढून नेली. कारण कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

शाळेचा निकाल मात्र दरवर्षीच्या एका दिवसाच्या सरकारी चाचणीवर ठरायचा. हजर मुलांचे गुण, त्यांची सरासरी. आमची शाळा सलग तळाला होती. यंदाही तसंच झालं तर शाळा बंद होणार होती आणि मुलं मोठ्या रस्त्यापलीकडच्या शाळेत जाणार होती. त्या रस्त्यावर ट्रक थांबत नाहीत. सहा वर्षांची मुलं तो ओलांडणार नव्हती. घरीच बसणार होती.

शिक्षण खात्याचे साहेब येऊन आकडे बघून गेले. कोणत्या घरांतली मुलं किती, कुणाला किती गुण, सगळं त्यांना तोंडपाठ.

"बाई, ही भरती तुम्हीच केलेली ना?"

"हो साहेब. जागा होती."

"शेजारच्या शाळेत बघा. चाचणीच्या दिवशी नेमकी वीसेक मुलं आजारी पडतात." ते हसले. "तुमच्याकडची पोरं फार निरोगी हो."

साहेब गेल्यावर बाईंनी डबा उघडलाच नाही. "ऐकलंत?" एवढंच म्हणाल्या. मला वाटलं, त्या संतापल्यात.

चाचणीच्या आदल्या दिवशी शाळा सुटताना बाई फाटकात उभ्या राहिल्या. पत्र्याच्या खोल्यांमधल्या मुलांना एकेक करून थांबवत होत्या. गाल थोपटत सांगत होत्या, "उद्या सुट्टी हं." मी मागे उभी होते. फाटक मीच धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेले पर्यवेक्षक वर्गात बसले. अर्धे बाक रिकामे. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या आणि दारात भोंगा उभा.

भोंगा म्हणजे तिसरीतली एक मुलगी. घसा फोडून वाचायची, म्हणून हे नाव. आली तेव्हा तिला आमची भाषा कळत नव्हती. आता अक्षराला अक्षर जोडून दुकानांच्या पाट्या वाचायची, पार पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. धापा टाकत होती. केस विंचरलेले नव्हते.

"बाई!" ती ओरडली. "तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं! आज सुट्टी नाहीये. सगळे आलेत. मी आमच्यातल्यांना बोलावून आणू?"

पर्यवेक्षकांनी मान वर केली.

बाई उठल्या. तिच्यापाशी गेल्या. कपाळाला हात लावला. "हिला ताप आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा होता. शिपाईमामांना हाक मारली. "मामा, हिला घरी सोडा."

भोंग्यानं स्वतःचं कपाळ चाचपलं. गळ्यालाही हात लावून बघितला.

"नाही बाई. गार आहे."

"घरी जा म्हटलं ना!"

मामांनी तिला दंडाला धरून नेलं. ती मागे वळून वळून बाईंकडे बघत होती. रागानं नाही. कोडं सुटत नसल्यासारखी.

निकाल लागला. शाळा तळातून वर आली. साहेबांनी शाल दिली, भाषण केलं, इच्छाशक्ती हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. शाळा वाचली. मुलांचा रस्ता वाचला. बाईंनी शाल घडी करून कपाटात ठेवली. "आता पुढच्या वर्षी सगळ्यांना बसवणार," मला म्हणाल्या. "काय व्हायचं ते होऊ दे. एका वर्षाची सवड मिळाली ना." त्या वर्षभर त्या हट्टाला पेटून राबल्या. शाळा सुटल्यावर खोल्यांमधल्या मुलांचा वेगळा वर्ग घ्यायच्या. नवरा चिडायचा. त्यांचा घसा बसायचा. भोंगा चौथीत गेली आणि धडेच्या धडे सलग वाचू लागली. बाई खुशीत असायच्या. मलाही वाटलं, चुकलेलं भरून निघतंय.

पुन्हा चाचणीचा दिवस आला. तेच बाक रिकामे. बाईंनी कुणालाही सुट्टी सांगितली नव्हती.

आम्ही दोघी तशाच खोल्यांकडे निघालो. बाईंना चालवत नव्हतं, मध्ये मध्ये थांबत होत्या. भोंग्याची आई दारात भांडी घासत होती.

"पोरगी कुठंय?"

"आत आहे."

"अहो, परीक्षा आहे. पाठवा लवकर."

"म्हणून तर नाही पाठवलं." ती हात धुऊन उभी राहिली. आवाजात टोमणा नव्हता, उलट अदब होती. "आमच्यामुळं तुमची शाळा खाली जाते ना, बाई? पोरांना कळतं सगळं. त्यांनीच आपसात ठरवलंय, त्या दिवशी जायचं नाही. तुम्ही एवढं करता त्यांच्यासाठी."

"तिला येतं वाचायला! सगळ्यांत छान येतं!"

आईनं आत बघितलं. "अगं, बाई काय म्हणतात बघ."

आतून काहीच आवाज आला नाही. बाईंनी तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. परत मारली. दारातला पडदा हलला नाही.

त्या वर्षीही आमचा निकाल चांगला लागला.