चार आवाजांचे मामा

जगातली यच्चयावत माणसं चार आवाजांत विभागलेली आहेत, बाकीचे भेद ही मागाहून केलेली भानगड आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा डहाणूच्या घरी त्यांनी मला पगार विचारला नाही. "जावईबापू, जरा 'आ' लावा," म्हणाले. मी लावला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि आत निरोप पाठवला, की मुलाचा आवाज उंच आहे, आपल्याकडे असे पुरुष कमीच, होकार कळवून टाका.

मामा मूळचे चिकूचे बागायतदार. तरुणपणी वसईच्या एका मित्राच्या लग्नात, चर्चमध्ये, त्यांनी युरोपातलं चारशे वर्षांपूर्वीचं समूहगान ऐकलं. वाद्य नाही, ठेका नाही. बायकांचे दोन आणि पुरुषांचे दोन, अशा चार तऱ्हांचे आवाज चार वाटांनी निघतात, धुक्यात हरवल्यासारखे होतात आणि एकाएकी एकत्र भेटतात. त्या लग्नात मामा जेवले, पण काय जेवले ते त्यांना कधीच आठवलं नाही.

२०१४ च्या थंडीत त्यांनी वाडीतल्या चिकू भरायच्या शेडमध्ये या गाण्यांचा महोत्सवच सुरू केला. वसई-मुंबईचे गाणारे डहाणू रोडच्या लॉजवर उतरत. कमी पडतील ते आवाज मामा आसपासहून गोळा करत. तलासरीच्या एसटीत कंडक्टरचा खर्ज ऐकला, तर मामा आपलं उतरायचं ठिकाण विसरून त्याची ड्युटी संपेपर्यंत त्याच्याबरोबर फिरले आणि त्याला तालमीला घेऊनच घरी आले. उधव्याहून चिकू काढायला येणाऱ्या बायका देवनागरीत लिहिलेलं लॅटिन बिनचूक म्हणत. त्यातल्या एकीने अर्थ विचारला तेव्हा मामा म्हणाले, "अर्थ देव बघेल. श्वास कुठे घ्यायचा तेवढं आपण बघू."

दरवर्षी एक तरी नवं गाणं हवं, हाही त्यांचा हट्ट. नुसतं जुनंच गात बसलो तर आपण पहारेकरी ठरू, असं त्यांचं म्हणणं. वसईची एक तरुण मुलगी त्यांच्यासाठी दरवर्षी नवी रचना बांधून आणी. शब्द मराठी, खाडीचे, भरतीचे. मामांना ती अंकल म्हणे.

मग एका वर्षी तालमीत मामा बायकांवर चिडू लागले. वरचे आवाज झोपलेत का, विचारू लागले. बायका तर जीव तोडून गात होत्या. घरी कुकरची शिट्टीही मामांना ऐकू येत नाही, हे मामींच्या लक्षात आलं. उंच सूर तेवढे ऐकू येईनासे झालेत, असं सांगून डॉक्टरांनी कानाला यंत्र दिलं. त्यातून माणसं डब्यात बसून गाताहेत असं वाटतं, म्हणून मामांनी ते कपाटात टाकलं आणि बायकांच्या ओठांकडे बघून हात हलवायला लागले. पुढच्या वर्षी मला म्हणाले, "जे मला ऐकू येत नाही, ते मी लोकांना कसं ऐकवू? एवढा महोत्सव झाला की पुरे."

मामींनी हे सगळं वसईच्या त्या मुलीला हळूच सांगितलं. तिने त्या वर्षी आणलेल्या गाण्यात सगळे सूर खाली होते, अगदी बायकांचेसुद्धा. मुंबईच्या गायिका कुरकुरल्या. मामींनी त्यांना बाजूला घेऊन कारण सांगितलं. मग त्या वह्या उघडून तालमीला उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी वाडीत धूसर ऊन होतं आणि गाणं खाडीत पाणी चढावं तसं चढत गेलं. मध्येच मामांचा हात हवेत थांबला. गाणारे थांबले नाहीत. मामा डोळे मिटून तसेच उभे राहिले.

संपल्यावर त्यांनी मोठ्याने जाहीर केलं, की या खेपेला बायका नीट गायल्या. बायका खाली बघून हसल्या.

सगळे चहाकडे वळल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. "पोरीने माझ्यासाठी अख्खं गाणं खाली उतरवलं, जावईबापू. मला कळलं, हे तिला सांगू नका."

मी नाही सांगितलं. महोत्सव तिथेच थांबला. का थांबला, हे त्या मुलीनेही त्यांना कधी विचारलं नाही.