नेलेलं दूध

सिद्धम्माचा हात तिच्या तोंडाच्या आधी चालायचा, आणि तोंड काही सावकाश चालत नव्हतं. नवरा वारल्यावर कोथळवाडीतलं किराण्याचं दुकान तिनं आणि तिच्या हातानं मिळून चालवलं. गुळाच्या ढेपेला चोरून बोट लावणाऱ्याचं बोट तिनं तागडीच्या दांडीनं ठेचलं होतं. पाटलाचा माजलेला गोऱ्हा एकदा दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या नाकाडावर तिनं असा दणका दिला, की पुढं बैल झाल्यावरही तो त्या गल्लीतून अंग चोरून जायचा. माणसंही तशीच जायची, फक्त बैलाइतकं उघड नाही.

मारायला ती कुठं शिकली, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. परकर नेसायच्या वयात लग्न होऊन आली, तेव्हा तिची सासू तिला तापलेल्या उलथन्यानं डागायची. डाव्या दंडावर ते डाग ओळीनं होते. सासूला माती देऊन आल्यावर सिद्धम्मा रडली नाही. चुलीपाशी गेली, उलथनं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. तिला उलथनं हलकं वाटलं असावं. कारण पुढं तिनं पसंत केला तो खलातला लोखंडी बत्ता. सुंठ, डिंक, हळकुंड कुटायचं ते हत्यार तिच्या मुठीत असं बसायचं, की देवानं मूठ आधी केली की बत्ता, असा प्रश्न पडावा.

अशा घरात सून महानंदा बाळंत झाली. निजामाच्या राज्याचा तो शेवटचा पावसाळा होता. तरणी पोरं हद्द ओलांडून वऱ्हाडातल्या, निजामाशी लढणाऱ्यांच्या कॅम्पात चालली होती, आणि सिद्धम्माचा एकुलता एक चन्नप्पाही बायकोला आठवा लागलेला असताना तिकडंच गेला होता. रझाकारांच्या नावाखाली ज्याला वाटेल तो टोळी करून लुटत होता. घरात दोन बायका आणि एक तान्हा पोरगा. महानंदाची पहिली मुलगी महिन्याच्या आतच गेली होती. म्हणून लिंगायतांच्या रीतीनं ह्या पोराच्या गळ्यात स्वामींनी लिंग बांधलं, तेव्हा सिद्धम्मानं त्या लिंगाला हात लावून सांगितलं, ह्याला काही झालं तर मी तुला बी सोडणार न्हाई. देवालाही ती ग्राहकासारखंच बोलायची.

पहिले काही दिवस महानंदाला दूध भरपूर होतं. मग ते उतरायला लागलं. पोरगं ओढायचं, ओढून लाल व्हायचं आणि आईच्या छातीवर मुठी मारायचं. सासूवर गेलंय, असं महानंदाच्या मनात यायचं, पण ती बोलायची नाही. सिद्धम्मानं उपाय सुरू केले. खसखशीची खीर झाली, हळिवाचे लाडू झाले, शतावर उगाळून झाली, मेथी तर एवढी झाली, की पोराच्या लंगोटालाही तिचा वास यायला लागला. बाजेखाली शेगडी, दारंखिडक्या बंद, अंगावर घोंगडी. आणि पाणी मात्र ओठ भिजण्यापुरतं, तेही सुंठ घालून उकळलेलं. बाळंतीण पाणी प्यायली की लेकराला पडसं होतं, हे सिद्धम्माच्या सासूनं तिला डागून शिकवलं होतं. डागून शिकवलेलं माणूस विसरत नाही.

महानंदा एकदा चोरून रांजणाकडं गेली. सिद्धम्मानं तिच्या हातातला तांब्या असा उडवला, की तिचा खालचा ओठ फुटला. त्यानंतर तिनं मागणं सोडलं. जीभ टाळूला चिकटायची. पोरगं आधी दणदणीत रडायचं, मग किरकिरायला लागलं, मग तेल न घातलेल्या रहाटासारखं नुसतंच करकरायला लागलं. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं दिलं, तर सगळं ओकून टाकलं. त्याच्या मांड्यांची कातडी चिमटीत येऊ लागली.

आता दूध उतरलं, म्हणजे कुणीतरी नेलं. दूध आपलं आपण कमी होतं, असं त्या गावात कुणी मानलं नसतं. आणि कुणी नेलं, तेही लवकरच सापडलं. भिंतीपलीकडं मुंजाजीची बायको कडूबाई राहायची. तीही नुकतीच बाळंत झालेली. दोन ओल्या बाळंतिणींनी एकमेकींचं तोंड बघू नये, एकीचं दूध दुसरीकडं जातं, हा नेम सगळ्यांना ठाऊक होता. पण झडीच्या दिवशी कडूबाईची चूल विझली. ती खापरी घेऊन विस्तव मागायला आली, आणि सिद्धम्मा दुकानात असल्यामुळं महानंदानंच बाजेखालच्या शेगडीतले दोन निखारे तिला दिले. सिद्धम्मानं हे सुनेकडून काढून घेतलं. कसं काढलं, ते सुनेच्या गालावर दोन दिवस दिसत होतं.

नेलेलं दूध परत आणायची रीतही होती. जिनं नेलं, तिनं आपल्या हातानं वाटीत पिळून ते दुसरीच्या उंबऱ्यावर ओतायचं. सिद्धम्मा एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात बत्ता घेऊन कडूबाईच्या दारात उभी राहिली.

कडूबाई पोरीला पाजत बसली होती. पोरगी गुबगुबीत. एकीकडं पीत होती, तर दुसरीकडून दूध आपलं आपण गळत होतं आणि चोळीवर मोठा ओला डाग पसरला होता. सिद्धम्मानं तो डाग पाहिला, आणि मागं करकरणारा नातू तिला ऐकू आला.

"पिळ ह्यात," ती म्हणाली.

"इस्तू नेला व्हता मावशी, दूध न्हाई," कडूबाई म्हणाली.

पुढचं वाक्य बत्त्यानं बोललं. कडूबाईची भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं, पोरीच्या टाळूवर ठिपकलं. कडूबाईनं पोरीला बाजूला गोधडीवर नीट ठेवलं, अगदी नीट, आणि मग सिद्धम्माच्या मनगटाला असे दात लावले, की ते सोडवताना मांसाचा तुकडा तिच्या तोंडातच राहिला. वाटी कुठं गेली, कुणाला कळलं नाही. दोघी भिंतीवर आदळल्या, उतरंड कोसळली, ज्वारी घरभर झाली. मुंजाजी गोठ्यातून धावत आला. भला माणूस, दोघींच्या मधे शिरला. कडूबाईसाठी उचललेला बत्ता त्याच्या गुडघ्यावर पडला. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला.

गावात चार दिवस हीच करमणूक होती. मुंजाजी पारावर पाय लांब करून बसायचा आणि सांगायचा, बायकांच्या भांडणात पडू नये, पडलंच तर गुडघं घरी ठिवून जावं. गुडघा मात्र भोपळ्याएवढा झाला होता आणि तो काठीशिवाय उभा राहत नव्हता. कडूबाईचा डोळा मिटला होता. सिद्धम्माच्या मनगटाला हळद बांधली होती. दूध परत आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणवेळेला वालूरच्या रस्त्यानं टोळी आली. आधी कुत्री भुंकली, मग कुत्र्यांचा आवाज बंद झाला, मग वेशीजवळचं गवताचं घर पेटलं. भादव्यातली ज्वारी डोक्याच्या वर गेलेली होती. सगळं गाव तिकडं पळालं. सिद्धम्मानं दागिन्यांची पेटी सोडली, गल्ला सोडला आणि नातू काखेत मारून सुनेला पुढं ढकललं. उजव्या हातात बत्ता होता. तो कधी उचलला, हे तिलाही आठवत नव्हतं.

मुंजाजीला पळता येईना. कडूबाईनं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. पोरीला धरून ते जमेना. "तू हो म्होरं," तो म्हणाला, "मी येतो मागनं." तो ज्वारीच्या कडेपर्यंत आला. चार पावलं आणखी पडली असती, तर पीक त्याच्या मागं मिटलं असतं.

आत तिघी योगायोगानं ज्वारीच्या एकाच तासात, दोन ओळींमधल्या बोळकांडीत बसल्या. तिथून दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. मुंजाजीला टोळीवाल्यांनी विचारलं, गावातल्या बायका कुठं आहेत, दुकानवाली कुठं आहे. तो म्हणाला, त्याला ठाऊक नाही. मग कुऱ्हाडीच्या तुंब्याचे, मागच्या बोथट बाजूचे आवाज आले. त्याच गुडघ्यावर मारत होते, कारण तिथं मारल्यावर तो जास्त ओरडत होता. मग तो ओरडेनासा झाला तरी मारत होते. कडूबाईनं पदराचा बोळा दातांत धरला होता. तिचा उघडा डोळा सिद्धम्मावर होता. सिद्धम्मा मातीकडं बघत होती.

आणि तेव्हा पोरगं रडायला लागलं.

महानंदानं त्याला छातीशी दाबलं. त्यानं ओढलं, काही आलं नाही, आणि ते पुन्हा करकरायला लागलं. एरवी तो आवाज भिंतीपलीकडं गेला नसता. पण त्या शांततेत तो साऱ्या शिवारात जात होता. पलीकडच्या तासातून म्हातारा किशनराव सरपटत आला. चांगला, कीर्तनाला पुढं बसणारा माणूस. त्यानं कुजबुजत सांगितलं, तोंड दाबा त्याचं, एकापायी पन्नास मरतील. महानंदा हलली नाही, तेव्हा त्यानं स्वतःच हात पुढं केला. सिद्धम्मानं त्या हातावर बत्ता मारला. म्हाताऱ्यानं बोटं तोंडात घालून ओरडणं गिळलं आणि आल्या वाटेनं सरपटत गेला.

"आणा हिकडं," कडूबाई म्हणाली.

सिद्धम्मानं तिच्याकडं पाहिलं. पोराच्या गळ्यात लिंग होतं. ही मासमटण खाणारी बाई. त्यात दूध नेलेली. त्यात तिचा नवरा आत्ता.

"तुमच्या नातवासाठी न्हाई," कडूबाई म्हणाली. "माझी बी हितंच हाय."

तिनं पोरगं ओढूनच घेतलं. एका बाजूला आपली पोरगी, दुसऱ्या बाजूला तो. त्यानं दोन घोट घेतले, ठसकला, आणि मग असा प्यायला लागला, की त्याचे कान हलत होते. शिवार गप्प झालं.

पण एकानं ऐकलं होतं. ज्वारीची ताटं बाजूला करत तो आला. हातात भाला, खाकी सदरा उसना आणल्यासारखा ढगळ. त्याला आधी दिसली महानंदा. त्यानं तिचा बुचडा धरून तिला उठवलं. मग त्याची नजर सिद्धम्माकडं गेली, आणि त्याच्या तोंडावर ओळख दिसली. शेजारच्या गावचा होता. दर बाजाराला तिच्या दुकानातून बिडी न्यायचा.

"दुकानवाल्या अम्मा," तो म्हणाला. हाक मारायला की दाखवून द्यायला, हे कळायला तिनं वेळ दिला नाही. पहिला घाव बुचडा धरलेल्या मनगटावर, दुसरा कानशिलावर. तो गुडघ्यावर आला. आयुष्यभर चुकीच्या माणसांवर पडलेला तो हात त्या दिवशी पहिल्यांदा ठिकाणावर पडत होता, आणि थांबायचं कुठं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हळकुंड फुटल्यावर भुकटी होईपर्यंत कुटतात, तशी ती कुटत राहिली.

"बास, मावशी," शेवटी कडूबाई म्हणाली. "मेला त्यो."

त्यानंतर सिद्धम्मा एका जागी बसून राहिली. टोळी गाव जाळून गेली, तरी कुणी बाहेर पडायची हिंमत केली नाही. सगळे ओढ्याकाठच्या ज्वारीत दबून राहिले. सासूचं लक्ष नाही, हे पाहून महानंदा ओढ्यावर गेली आणि गुरासारखी पालथी पडून पाणी प्यायली. श्वास घ्यायला थांबली आणि पुन्हा प्यायली. पिकात वाळकांचे काकडीसारखे वेल पसरले होते. बाळंतिणीनं ज्यांच्याकडं बघायचंही नाही, अशी गारढोण वाळकं तिनं देठासकट खाल्ली. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं, तेव्हा पोरगं कडूबाईच्या मांडीवर किरकिरलं, आणि तो आवाज ऐकून महानंदाची चोळी आपली आपण भिजली.

सिद्धम्मानं तो डाग पाहिला. "कडूबाईनं परत केलं," ती म्हणाली.

"आत्याबाई, पाणी पिलं म्या," महानंदा म्हणाली. "वाळकं बी खाल्ली."

सिद्धम्माचा हात वर गेला. तिथंच राहिला. मग ती त्या हाताकडं, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी, बघत राहिली आणि तो हळूच खाली घेतला. "पाण्यानं दूध आलं आसतं, तर म्हशीला सरकी कशाला घातली आसती," एवढं ती पुटपुटली. पण हिंदुस्थानची फौज आली, टोळ्या पळाल्या, माणसं जळक्या घरांत परतली, तेव्हा पहिल्याच दिवशी महानंदाच्या बाजेजवळ पाण्याची भरलेली घागर होती. तांब्यासकट.

मुंजाजीला मूठमाती दिल्यावर कडूबाईचं दूध आटलं. पोरगी रडायची, ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सिद्धम्मानं दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी घागर कमरेवर आणि खलबत्ता काखेत घेऊन ती त्या दारात गेली, जिथं आधी वाटी घेऊन उभी राहिली होती. महानंदाला आता दोघांना पुरेल एवढं आहे, पोरीला नेते, दूध परत करावंच लागतं, असं ती उंबऱ्याकडं बघत म्हणाली.

कडूबाईनं पोरीला तिच्या हातात दिलं. भुवईवरची खोक अजून काळी होती.

"नवरा बी आणून देता का, मावशी?"

पोरीला महानंदाकडं देऊन सिद्धम्मा पुन्हा त्याच दारात आली, ओसरीवर बसली आणि कडूबाईसाठी सुंठ कुटायला लागली. राखेनं घासघासून बत्ता चकचकीत केला होता. कडूबाई त्याच्याकडं बघत घागरीतलं पाणी प्यायली. सिद्धम्मा उठताना खल काखेत मारायला लागली, तेव्हा कडूबाई म्हणाली, "बत्ता हितं ठिवा."

सिद्धम्मानं ठेवला. पुढं कोथळवाडीच्या दुकानात सुंठ आख्खीच मिळायची, आणि का, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. घरात काही कुटायचं असलं की म्हातारी खल घेऊन शेजारच्या दारात उभी राहायची. कडूबाई हातातलं काम संपवायची, पोरीची वेणी घालायची, अंगण झाडायची. मग उठून बत्ता आणून द्यायची. आणि कुटून होईपर्यंत समोर बसून राहायची.