कॅप्टन आणि चायनीज जवळा

गिऱ्हाइकाने मागवलेला पदार्थ स्वतःच रद्द करणारा वेटर मी आयुष्यात एकच पाहिला. मस्कतमधल्या बौशर भागातल्या एका मॉलमध्ये कॅन्टनकडचं चिनी जेवण आणि अमेरिकन जेवण एकाच ताटात वाढणारं एक झकपक हॉटेल निघालं होतं. तिथे वेटरांवर देखरेख करणाऱ्याला कॅप्टन म्हणत. आमचे कॅप्टन मूळ वसईचे, साठीला टेकलेले. काळ्या कोटात ते कायम कुणाच्या तरी लग्नाला चर्चमध्ये निघाल्यासारखे दिसायचे. पहिल्या दिवशी मी ऐटीत ‘चीजबर्गर डिमसम’ सांगितलं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. माझ्या हातातलं मेनूकार्ड अलगद मिटलं आणि चक्क मराठीत म्हणाले, “ताई, हे नको. हे फोटो काढायला ठेवलंय.”

आम्ही मराठी आहोत हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. “आत आल्यापासून तीनदा पोरीला ‘पाय खाली घे’ म्हणालात,” ते म्हणाले.

माझ्या नवऱ्याला प्रत्येक गोष्टीची व्याख्या लागते. त्याने विचारलं, “फ्यूजन म्हणजे नक्की काय हो?” कॅप्टननी मान तिरकी केली. “साहेब, चिनी जेवणातलं डुक्कर काढलं, अमेरिकन जेवणातली बियर काढली. उरलं त्याला फ्यूजन म्हणतात.” मग आपण होऊनच त्यांनी काँजीचा वाडगा आणला. मऊ शिजलेला पातळ भात, वर तळलेल्या चिकनचे तुकडे. “पेज आपली, कोंबडी अमेरिकेची. दर मात्र दोघांनी मिळून लावलाय. पण खा, हे चांगलं आहे.” खरंच चांगलं होतं. त्यानंतर महिन्यातून एखाद्या शुक्रवारी दुपारी आम्ही तिथे जाऊ लागलो. काय खायचं ते कॅप्टन ठरवायचे. आमच्याकडे फक्त भूक घेऊन जायचं काम होतं.

आमच्या इराचा जन्म मस्कतचा. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला हिंदी, मराठी फक्त ओरडा खाण्यापुरती. कॅप्टननी पहिल्याच महिन्यात तिला दम भरला, “मराठीत मागशील ते मिळेल. नाहीतर साधं पाणी.” तिने सारण भरून वाफवलेल्या डिमसमकडे बोट दाखवलं. “ह्याला मराठीत काय म्हणायचं?” कॅप्टननी एक डिमसम चिमट्याने उचलून निरखलं. मग म्हणाले, “पुरचुंडी.” तेव्हापासून आमची दहा वर्षांची मुलगी भर मॉलमध्ये खणखणीत आवाजात “चार पुरचुंड्या, चिकनच्या!” अशी ऑर्डर द्यायची. शेजारच्या टेबलावरचे लोक मेनूकार्डात पुरचुंडी शोधत बसायचे.

इराला कोलंबी चालत नाही. एक तुकडा पोटात गेला तरी ओठ सुजतात, श्वास अडकतो. एकदा ती दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. हे मी कॅप्टनना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “गाव कुठलं तुमचं?”

“वेंगुर्ला.”

“वेंगुर्ल्याच्या पोरीला कोलंबी चालत नाही? गावात कळू दिलं नाही ना?” एवढं बोलून ते हसले. पण त्या दिवसापासून आमच्या टेबलावर येणारी प्रत्येक ताटली आधी त्यांच्या नाकाखालून जायची.

मग हॉटेलात नवा मेनू आला आणि नवा मॅनेजरही. त्या शुक्रवारी कॅप्टनना दुसऱ्या टोकाची टेबलं दिली होती. आमची ऑर्डर मॅनेजरने स्वतः घेतली. मी कोलंबीचं सांगितलं. “नूडल्समध्ये फक्त चिकन आहे मॅडम, हंड्रेड पर्सेंट,” तो म्हणाला. नूडल्स आल्या. लालसर, तेलकट, खमंग. इराने काट्यावर गुंडाळल्या, तोंडाशी नेल्या, तेवढ्यात एक काळी बाही मध्ये आली आणि काट्यासकट ताटली उचलली गेली.

“ह्यात जवळा आहे, सुकी बारीक कोलंबी,” कॅप्टन म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

मॅनेजर धावत आला. “मी किचनला विचारलंय. तुम्ही विचारलंत का?”

“विचारायचं काय त्यात? वसईला आमच्या अंगणात जवळा सुकायचा. तो वास मला चीनमधनं आला तरी कळतो.”

सगळं हॉटेल खाणं थांबवून बघत होतं. शेवटी आतून एका आचाऱ्याने सॉसची बरणी आणली. चमच्याने तळ ढवळला तर खाली बारीक बारीक सुका जवळा. मी इराला जवळ ओढलं. मॅनेजरने माफी मागितली, पण माझ्याकडे न बघता. तो बघत होता कॅप्टनकडे.

दोन महिन्यांनी कॅप्टनचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. मी मॅनेजरला जाऊन भेटले. त्याचा त्या प्रसंगाशी काही संबंध नाही, वयाचा नियम आहे, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. मालकांना पत्र लिहायचं माझ्या मनात होतं. कॅप्टननी अडवलं. “नको ताई. खलास. सव्वीस वर्षं हसऱ्या चेहऱ्याने उभा आहे. गाल दुखतात आता.” आमच्यामुळे तुमची नोकरी गेली, असं मी म्हटलं. त्यावर पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले. “पोरीने ते खाल्लं असतं तर नोकरीचं काय लोणचं घातलं असतं मी?”

ते कायमचे वसईला जायच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांना घरी जेवायला बोलावलं. मी सुरमई तळली, वरण-भात केला, सोलकढी केली. कॅप्टन टेबलापाशी बसले आणि मान खाली घालून जेवू लागले. पाच मिनिटांत ताट चाटूनपुसून साफ झालं. आमचा तर पहिला भातही कालवून व्हायचा होता. त्यांनी आमची भरलेली ताटं पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले.

“सवय,” ते पुटपुटले. “किचनच्या दारात उभ्यानेच जेवायचं असतं आम्हाला. कुठल्याही क्षणी हाक येते.”

माझ्या नवऱ्याने आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. “आज कोण हाक मारणार तुम्हाला, कॅप्टन?”

कॅप्टननी सवयीने एकदा दाराकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि ताट माझ्यापुढे केलं.

“मग वाढा भात,” ते म्हणाले.