कंटेनरमधल्या चार फळ्या

तलवाड्याच्या बाजारतळावर क्रेनने निळा कंटेनर उतरवला, तेव्हा बघायला निम्मं गाव जमलं होतं. पुण्याच्या एका संस्थेने जहाजावरचे जुने कंटेनर घेऊन, एका बाजूचा पत्रा कापून, आत चित्रं लावायची सोय केली होती. आठ दिवस प्रदर्शन, मग पुढचं गाव. मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणून आमच्या भागातली चित्रं निवडायचं काम माझ्याकडे आलं.

मला पहिल्यांदा आठवली ती माझी थोरली बहीण. अक्का चकलांब्याला दिलेली, नवऱ्याबरोबर मेंढरं राखते. लहानपणी ती चुना, गेरू आणि नीळ कालवून घराच्या भिंतीवर मेंढरं, बाभळी, पाण्याला निघालेल्या बाया काढायची. काडी दातांनी चावून तिचा कुंचला करायला मला तिनेच शिकवलं. पुढे मी कॉलेजात गेलो आणि ती सासरी.

प्लायवूडच्या चार फळ्या घेऊन मी तिच्याकडे गेलो. "भितीवरचं भितीवर ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. पण पंधरा दिवसांत चारी फळ्या भरल्या. एकीवर कळप डांबरी रस्ता ओलांडत होता आणि मागे राहिलेल्या मेंढीसाठी एक बाई हात करून मोटार थांबवत होती. ते चित्र बघितलं आणि शेजारी लागणारी माझी चित्रं मला फिकी वाटायला लागली.

चित्रांखाली लावायच्या चिठ्ठ्यांचा मजकूर मीच लिहून पाठवला. माझ्या चित्रांखाली नाव, पदवी, बक्षिसं. अक्काच्या चित्रांखाली लिहिलं, 'मेंढपाळ स्त्री, चकलांबा'. सख्ख्या बहिणीची चित्रं लावली असं लोक म्हणतील, अशी मी मनाची समजूत घातली.

प्रदर्शनाला ती ठेवणीतलं लुगडं नेसून, जावेला घेऊन आली. पत्रा तापून आत भट्टी झाली होती, तरी ती एकेका चित्रापाशी थांबत होती. चाळिशीनंतर पोरीकडून ती अक्षरं शिकलेली. आपल्या फळीखालच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिने सावकाश वाचलं.

जाऊ हसून म्हणाली, "मेंढरं राखणाऱ्या बाया चकलांब्यात लई हायत. तुजंच कशावरून?"

अक्का माझ्याकडे वळली. "माजं नाव कावून न्हाई रं?"

"छापताना राहिलं, अक्का."

तिने माझ्या चित्राखालची चिठ्ठीही वाचली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग बाहेर जाऊन, चकलांब्याची जीप येईपर्यंत कंटेनरच्या सावलीत बसून राहिली. मी पाणी नेऊन दिलं, ते ती प्यायली. संध्याकाळी पेनाने तिचं नाव लिहून मी चिठ्ठी बदलली, पण ते बघायला ती तिथे नव्हती.

प्रदर्शन संपल्यावर फळ्या मोटारसायकलला बांधून मी चकलांब्याला गेलो. तिच्या घराची दर्शनी भिंत, जिच्यावर दर दिवाळीला नवं चित्र असायचं, ती पोपटी ऑइलपेंटने रंगवून टाकलेली. "पुसायला सोपं पडतं," अक्का म्हणाली. तिने चहा केला, माझ्या पोरांची चौकशी केली.

मला राहवलं नाही. "अक्का, छापताना न्हाई राहिलं. मीच लिवलं नव्हतं."

"मला तवाच कळलं व्हतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. "फळ्या तकडं ठिव. कोकरांच्या कुडाला लागत्याल."

मी नको नको म्हणत राहिलो. दाजींनी हातोडी आणली आणि माझ्यासमोरच चारी फळ्या कुडाला ठोकल्या, चित्रं आतल्या बाजूला करून. कोकरं लगेच त्यांना अंग घासायला लागली.

राखीला ती अजून येते. जेवतो, बोलतो, हसतोसुद्धा. चित्रांचा विषय मात्र ती काढत नाही, आणि काढायचं तोंड मला राहिलेलं नाही.